मॅडमनी लिहिलेली ओळ

"सीझन चांगला आहे" असं आमच्या मार्केटिंग खात्यात जो कुणी बोलेल, त्यानं उठायचं, खाली जनरल वॉर्डात जायचं आणि एखाद्या रिकाम्या स्टुलावर तासभर नुसतं बसून यायचं, असा मॅडमचा नियम होता. सोबत मोबाइल न्यायचा नाही. कुणी विचारलंच तर 'मी या हॉस्पिटलच्या जाहिराती करते' असं खरं सांगायचं. आमचा सीझन म्हणजे डेंग्यू. पावसाळा उतरणीला लागला की ताप वाढायचे, खाटा भरायच्या, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये पडद्यावरचा आलेख वर चढलेला बघून कुणीतरी नवखं माणूस हमखास ते बोलून जायचं. माझ्या पहिल्या वर्षी मीच बोलले. खाली जाऊन बसले. शेजारच्या खाटेवरची म्हातारी मला न्याहाळत म्हणाली, "कोणाची हायेस वो तू? कोण हाय तुह्यं इथं?" माझं तिथं कुणीच नव्हतं. मी वर आले तेव्हा मॅडम टेबलावर पेपर पसरून कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पाह्यला सीझन? कर आता तुही पोस्ट."

कोथिंबीर त्यांच्या भावाच्या शेतातली. नालवाडीच्या पुढे त्यांच्या माहेरची थोडी ओलिताची जमीन होती, तिथं भाऊ भाजीपाला करायचा. तो रोज सकाळी बाजारात माल न्यायचा आणि उरलेल्यातलं एक पोतं मॅडमच्या गाडीत टाकायचा. संध्याकाळी साडेपाचला हॉस्पिटलच्या मार्केटिंग विभागाच्या प्रमुख, इस्त्रीची कॉटनची साडी, गळ्यात ओळखपत्र, अशा पार्किंगमध्ये डिकी उघडून उभ्या राहायच्या आणि नर्सेसना मेथीच्या जुड्या विकायच्या. साहेबांना, म्हणजे हॉस्पिटलच्या मालक डॉक्टरांना, हे मुळीच पसंत नव्हतं. एकदा त्यांनी नाराजी दाखवली, तर मॅडम म्हणाल्या, "सर, दिवसभर जे विकते ते डोळ्यांना दिसत नाही. संध्याकाळी हातात देता येईल अशी एखादी गोष्ट विकली, की रात्री झोप लागते." साहेब हसले. त्यांना वाटलं विनोद आहे.

मॅडम तीन भाषा बोलायच्या. साहेबांशी इंग्रजीची फोडणी दिलेली, जाहिरातीत शुद्ध पुस्तकी, आणि आमच्यावर चिडल्या की अस्सल वऱ्हाडी. त्या वऱ्हाडीतच जास्त असायच्या, यावरून काय ते समजा. मी डिझायनर. पुलगावहून रोज येणारी, नागपूरला कोर्स करून आलेली, त्यामुळे डोक्यात वारं. मी पहिलं पोस्टर केलं त्यात कुठल्यातरी वेबसाइटवरचा गोरा डॉक्टर हाताची घडी घालून हसत उभा होता. मॅडमनी ते लांब धरून पाहिलं. "हा हात बांधून काऊन उभा हाय? ऑपरेशन कोण करन मंग?" मी म्हटलं, आत्मविश्वास दाखवायचा असतो मॅडम. "आत्मविश्वास पेशंटले पायजे. याले नाई." आणि फाडलं. सगळ्यांसमोर फाडलं. त्या रात्री घरी जाऊन मी आईला म्हटलं, मी नोकरी सोडते. आई म्हणाली, पळसाला पाने तीनच, दुसरीकडे तरी काय वेगळं मिळणार आहे? मग राहिले.

आमचं काम बाहेरून बघणाऱ्याला सोपं वाटतं. सकाळी रात्रभरात आलेले फोन आणि मेसेज बघायचे. गुगलवर कुणी एक तारा देऊन शिव्या घातल्या असतील तर 'आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभारी आहोत' असं लिहायचं. मधुमेह दिन, किडनी दिन, हृदय दिन, दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या अवयवाचा दिन. डॉक्टरांना धरून आणून त्यांचे व्हिडिओ काढायचे. त्यातले अर्धे कॅमेरा दिसला की फळ्यावर बोलावलेल्या पोरासारखे घाबरायचे. गावोगावच्या छोट्या डॉक्टरांना भेटी. शिबिरं. आणि फ्लेक्स. एका बाजूला सावंगी, दुसऱ्या बाजूला सेवाग्राम, दोन्हीकडे मोठमोठी रुग्णालयं. तिथं पेशंट आपल्या पायानं जातो. मधल्या आमच्या छोट्या खासगी हॉस्पिटलला पेशंट आणावा लागतो. किती आणला, हे साहेब दर सोमवारी विचारायचे. स्वतः कधी एका शिबिराला आले नाहीत, उंटावरून शेळ्या हाकायचे, पण विचारायचे मात्र न चुकता.

या सगळ्यात मॅडमचं खरं वेड म्हणजे जाहिरातीची ओळ. ती त्या स्वतःच लिहायच्या, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. लिहून झाली की भावाला फोन लावायच्या. तो वांग्यात नाही तर टमाट्यात असायचा. "दादा, ऐक," म्हणायच्या आणि वाचून दाखवायच्या. दादानं "म्हंजे?" विचारलं की ओळ बाद. एकदा साहेबांनीच सुचवलेली 'सर्वांगीण आरोग्यसेवा' ही ओळ त्यांनी दादाला ऐकवली. पलीकडून आवाज आला, "कोणत्या अंगाची?" मॅडमनी ती खोडली आणि साहेबांना कळवलं की बाजारात चालत नाही.

दुसरं वेड चेहऱ्यांचं. विकतचे चेहरे त्यांना चालत नसत. आपल्याकडे बरा झालेला माणूस हवा, त्याच्या गावाच्या नावासकट. पण तोही लगेच नाही. तो घरी गेला पाहिजे, कामाला लागला पाहिजे आणि पुन्हा तपासणीला स्वतः चालत आला पाहिजे, मग त्याचा फोटो. "सकाळी तोडलेली मेथी सगळीच हिरवी दिसते," म्हणायच्या. "सांजेले कशी दिसते ते पाहून बोला." या नियमापायी आमच्या हातून किती चांगले चेहरे निसटले त्याला गणती नाही. साहेब वैतागायचे. मीही वैतागायचे.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला.

आमच्याकडे हृदयाचा विभाग नवा सुरू झाला होता. उद्घाटनाला मोठी मंडळी येणार होती, आणि जिल्हाभर लावायला चेहरा हवा होता. त्या विभागातलं पहिलं मोठं ऑपरेशन सेलूकडच्या एका ऑटोवाल्याचं झालं होतं. तिशीच्या आतलाच. शाळेची पोरं ने-आण करायचा. हृदयाची झडप बदलली होती, अजून वॉर्डातच होता, पण खाटेवर बसून आल्यागेल्याशी गप्पा मारायचा. त्याची आई पायाशी बसलेली असायची. वडील लहानपणीच गेलेले, मोठा भाऊ मजुरीला जायचा. साहेबांनी मॅडमना बोलावून सांगितलं, हाच चेहरा. मॅडम म्हणाल्या, अजून घरी गेलेला नाही. साहेब म्हणाले, उद्घाटन त्याच्यासाठी थांबणार आहे का?

तरीही त्या नाही म्हणाल्या असत्या, असं मला आजही वाटतं. पण तो ऑटोवाला स्वतःच मागे लागला. आम्ही दोघी नुसतं बघायला म्हणून गेलो, तर त्यानं आईकडून कंगवा मागून घेतला.

"मॅडम, आमच्या फाट्यावर लावजा माहा फोटो. मोठा लावजा."

"काऊन रे, हिरो व्हायचं हाय काय?"

"तसं नाई. गावात हवा झाली हाय का मी मेलो म्हणून. छातीचं ऑपरेशन म्हटलं का लोकं धरूनच चालतात. शाळेतले पोट्टे रडून राह्यले म्हणे. त्यायले दिसलो पायजे ना मी."

आई म्हणाली, "कर बाप्पा याच्या मनासारखं. लहानपणापासून एक चांगला फोटो नाई याचा. लोकायच्या वरातीतले तेवढे हायेत, त्यातही तोंड वाकडं करून नाचून राह्यला."

मॅडम हसल्या. मला म्हणाल्या, काढ. मी खिडकीजवळच्या उजेडात त्याचे फोटो काढले. शेवटच्या फोटोत तो आईकडे बघून काहीतरी बोलता बोलता हसला, तोच घेतला. मॅडमनी ओळ लिहिली: 'मी घरी आलो.' एवढीच. खाली त्याचं नाव, गाव, आणि आमचं नाव आणि फोन नंबर. नेहमीप्रमाणे दादाला फोन लावला. "दादा, ऐक. मी घरी आलो." दादा म्हणाला, "बरं झालं. कोण?" मॅडम म्हणाल्या, आजवरची सगळ्यात चांगली ओळ झाली.

तो घरी गेला त्याच्या आदल्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला. नागपूरच्या मोठ्या रस्त्यावरून त्याच्या गावाकडे जिथं वळतात तिथं, लोखंडी सांगाड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा. जिल्ह्यात इतरत्रही लावले होते, पण तो सगळ्यात मोठा. ऑटोतून जाताना पोरं फ्लेक्सला टाटा करतात, असं त्यानं मॅडमना फोनवर सांगितलं. आम्हाला तर फोन उचलायला माणसं पुरेनात. छातीत जरा दुखलं की लोक म्हणायचे, त्या ऑटोवाल्याच्या दवाखान्यात चला. साहेबांनी खात्याला केक आणला. मॅडमनी केक खाल्ला नाही, पण त्या दिवशी मेथी फुकट वाटली.

पुढे त्याला ताप यायला लागला. झडपेला जंतुसंसर्ग झाला. आमच्याकडून त्याला नागपूरला हलवलं. कुणाची चूक होती का, ते मला माहीत नाही. डॉक्टर म्हणायचे असं होतं, शंभरात एखाद्याला होतं. मॅडम अधूनमधून त्याच्या भावाला फोन करून विचारायच्या. फ्लेक्स होता तिथंच होता. एके दिवशी मीटिंग चालू असताना मॅडमना त्या भावाचाच फोन आला. त्या नुसतं "हो. हो." म्हणत राहिल्या. ठेवल्यावर आम्हाला म्हणाल्या, "गेला तो. घेऊन निघाले त्याले. आई हाय गाडीत."

मग मॅडम एकदम उठल्या. "गाडी फाट्यावरूनच वयते ना वो?"

नागपूरहून येणारी ती ॲम्ब्युलन्स फाट्यावर वळणार, आणि वळताना समोर तो हसणारा, 'मी घरी आलो.' आणि गाडीत त्याच्या उशाशी आई.

मॅडमनी साहेबांना फोन लावला. माझ्या देखत बोलल्या, म्हणून मला माहीत आहे. साहेब म्हणाले, आत्ता काढायचा नाही. आज काढला तर आपण काहीतरी लपवतोय असं होईल. महिनाभरानं शांतपणे बदलू. मॅडम म्हणाल्या, "सर, त्याची आई त्याच्याखालून जाणार आहे." साहेब म्हणाले, भावनेच्या भरात निर्णय घ्यायचे नसतात, तुम्ही खात्याच्या प्रमुख आहात. मॅडमनी फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि मला म्हणाल्या, "तुले चढता येते?"

गाडी त्यांनीच चालवली. पवनार मागे पडलं. मी रस्त्याकडे बघत होते, समोरून येणारी प्रत्येक पांढरी गाडी मला ॲम्ब्युलन्सच वाटत होती. फाट्यावर पोचलो तर गावातली पंधरावीस माणसं आधीच येऊन थांबलेली, डोक्याला उपरणी गुंडाळून, चहाच्या टपरीच्या सावलीत. टपरी बंद ठेवली होती. मॅडमनी डिकीतला भाजी कापायचा विळा काढला. मी सांगाड्यावर चढले आणि वरच्या दोऱ्या कापायला लागले. एक म्हातारे बाबा काही न विचारता पुढे आले आणि खालच्या दोऱ्या सोडायला लागले. फ्लेक्स सुटून खाली आला तेव्हा धुळीत पडू नये म्हणून मॅडमनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. आम्ही त्याची गुंडाळी करून टपरीच्या मागे उभी केली. मी खाली उतरले आणि मला रडू आलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. वेळेत झालं होतं.

ॲम्ब्युलन्स आली. वळायला लागली, आणि थांबली. मागचं दार उघडून त्याचा मोठा भाऊ उतरला, त्याच्यामागे आई. तिला बहुतेक चालता येत नव्हतं, भावानं धरलं होतं. ती त्या उघड्या सांगाड्याकडे बघत उभी राहिली. मग जमलेल्या माणसांना तिनं विचारलं, "फोटो कुठी गेला याचा?"

ती एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागली.

"कोण काढला? सकायपर्यंत होता ना? नागपूरहून निघालो तवापासून एकच म्हणून राह्यली मी, फाटा आला का दिसन तो. फाटा आला का दिसन. आतमधी चेहरा बांधून टाकला हाय त्यायनं. पाहू देत नाई मले."

मॅडम पुढे झाल्या. "मी काढला, माय. तुमाले तरास होईन म्हणून."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, सांगता येत नाही. "मले कायचा तरास होते त्याच्यानं?" म्हणाली. "लावून दे वो बाई परत. लावून दे. मंग गाडी जाऊ दे."

आणि मॅडमनी तो परत लावला. मी आणि त्याचा भाऊ वर चढलो. मी कापलेल्या दोऱ्या आखूड पडत होत्या, तेव्हा त्या म्हाताऱ्या बाबांनी डोक्याचं उपरणं फाडून त्याच्या पट्ट्या दिल्या. मॅडम खालून दोन्ही कोपरे ताणून उभ्या होत्या, तोंड फ्लेक्सकडे, पाठ लोकांकडे. ॲम्ब्युलन्सचं इंजिन तेवढं चालू होतं. फ्लेक्स वर गेला तशी आई वर बघत राहिली. रडली नाही. बराच वेळ बघून झाल्यावर भावाला म्हणाली, "चाल." दार लागलं, गाडी वळली आणि माणसं तिच्यामागून चालत गेली.

परतताना मॅडमनी पवनारच्या पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. "कोणासाठी गेलती मी तिथं?" असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, त्यांच्यासाठीच ना, त्या आईसाठी. "नाई वो," म्हणाल्या, "त्या ओळीसाठी गेलती. मी लिहिलेली ओळ तिनं माह्यासमोर वाचू नये म्हणून." मी त्यांना पाण्याची बाटली दिली. त्यांनी ती मांडीवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, फ्लेक्स आहे ना जागेवर? मी आहे म्हटलं. साहेब खूश झाले. म्हणाले, "बघा, मी म्हटलं होतं. थोडं थंड डोक्यानं घेतलं की सगळं निभावतं." मॅडम त्यांच्यासमोर उभ्या होत्या.

त्यानंतर त्या नेहमीसारख्या यायच्या. मीटिंग घ्यायच्या, माझी पोस्टरं फाडायच्या. फक्त ओळ लिहिणं बंद झालं. 'शिबिर. वार अमुक. वेळ अमुक.' एवढंच लिहून द्यायच्या, आणि दादाला फोन लावायच्या नाहीत. साहेबांनी ओळी लिहायला पुण्याची एक एजन्सी नेमली. तिकडून 'सर्वांगीण' वगैरे परत यायला लागलं. मॅडम सही करायच्या. मला त्याचा फार राग यायचा, त्यांचाही यायचा.

महिनाभरानं जिल्ह्यातले बाकीचे फ्लेक्स बदलले, फाट्यावरचा मात्र मॅडमनी काढू दिला नाही. उन्हाळ्यात एक फोन आला. खात्यात मी आणि मॅडम दोघीच होतो. चौकशीच्या नंबरवर आला म्हणून मी उचलला, आणि पलीकडचा आवाज ऐकल्यावर स्पीकर लावून फोन मॅडमसमोर ठेवला.

"दवाखाना हाय का? त्याच्या फोटोखाली हा नंबर हाय, म्हणून लावला. मी त्याची माय बोलून राह्यली. ऊन लागू लागू त्याचं तोंड पांढरं पडून राह्यलं बाई. डोये दिसत नाई आता. नवा लावता काय?"

मॅडमनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "लावू, माय. आठ दिवसांत लावू." पुढे म्हणाल्या, "आमचं नाव, नंबर काढून टाकू त्याच्यावरून. आणि ते लिहिलेलंही काढून टाकू. घरी आलो ते. नुसता त्याचा फोटो ठेवू."

"काऊन?" आई म्हणाली. तिला खरोखरच कळलं नव्हतं. "त्यात काय खोटं हाय? आला ना तो घरी. मीच तं आणला त्याले."

मॅडमनी फोन ठेवला. मग मला म्हणाल्या, "फाइल हाय तशीच छापाले धाड." मी धाडली. तो फ्लेक्स लावायला त्या स्वतः गेल्या, आणि तिथून परस्पर दादाच्या शेतावर गेल्या, हॉस्पिटलच्या नोकरीवर परत आल्या नाहीत.